निळ्या बटणाची राखण

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर दुर्मीळ जिवांचा भला मोठा फलक होता. सगळ्यांत वर अस्वल, कारण ते फोटोत छान दिसायचं. मग गिधाड, मग पाणमांजर, आणि अगदी तळाशी, तक्रारीच्या फोन नंबरखाली, निळं बटण. शर्टाच्या बटणाएवढं, जमिनीला चिकटून येणारं फूल. जगात फक्त याच माळावर उगवायचं.

या तळाच्या फुलासाठी उद्यानातल्या वनस्पतितज्ज्ञ बाईने जिवाचं रान केलं होतं. लोक तिला पाठीमागे फूलबाई म्हणायचे. साहेबांचं डोकं खाऊन खाऊन तिने माळाला तारेचं कुंपण घालून घेतलं आणि मेंढ्यांना बंदी आणली. मेंढ्या होत्या तिच्या सख्ख्या मामांच्या, त्यामुळे समाजसेवेची सुरुवात घरातूनच झाली. मामांनी मेंढ्या विकल्या आणि उद्यानाने देऊ केलेली राखणदाराची टोपी घातली. ज्या माळावर जन्म काढला, तिथे आता ते कोणाला पाय ठेवू देत नव्हते. हरणं आली तरी काठी घेऊन अंगावर धावून जायचे.

साहेबांनी तोवर फुलाचं नाव गाजवलं. निळं बटण कपांवर आलं, गाड्यांवर आलं, कचऱ्याच्या डब्यांवरही आलं. आता बडे पाहुणे बोलावून ‘पुनरागमन सोहळा’ करायचं घाटत होतं. फूल खरंच परत आलंय का, एवढी किरकोळ बाब पाहायला त्यांनी फूलबाईला माळावर धाडलं.

कुलूप काढून ती आत गेली तर गवत कमरेपर्यंत. कुंपणाआड ते असं माजलं होतं की खाली जमीन आहे यावर विश्वास ठेवावा लागत होता. सकाळभर शोधून तिला एकच रोप सापडलं. पिवळं पडलेलं, उजेडासाठी मान ताणून थकलेलं, कळी नाही की काही नाही. त्याच्याशेजारी ती मटकन बसली.

मेंढ्या फूल खातच नव्हत्या. इतक्या खाली त्यांचे दात पोचतच नव्हते. त्या खात होत्या फुलाचा उजेड गिळणारं गवत. आपण एवढी पुस्तकं कोळून प्यायलो आणि मोकळं सोडलं की गवत वाढतं, एवढं आपल्या टाळक्यात आलं नाही, याची तिला भयंकर लाज वाटली.

तिने साहेबांना फोन लावला. “साहेब, एकच रोप उरलंय. मेंढ्या परत आणाव्या लागतील.”

“पाहुण्यांसमोर मेंढ्या? बाई, वेड लागलंय का तुम्हाला? प्लास्टिकची फुलं खोचून टाकू. लांबून कोणाला कळतंय?”

फोन ठेवून ती दोन्ही हातांनी रोपाभोवतालचं गवत ओरबाडायला लागली. कुंपणापलीकडून मामा बघत होते.

“मामा, मेंढ्या कुणाला दिल्यात? हातापाया पडून परत मागते मी.”

“खाटकाला दिल्या. आता कुणाकुणाच्या पोटातून परत मागशील?”

तिच्या हातातलं गवत गळून पडलं. मग तिला रागच आला, स्वतःचा, पण काढला मामांवर. “बंदीची नोटीस आली तेव्हा भांडला का नाहीत? एरवी तर साऱ्या जगाशी भांडता!”

“नोटिशीला कोण भीक घालतं? असले ढीगभर कागद चुलीत घातलेत मी. पण तू घरी येऊन म्हणालीस ना, मामा, तुमच्या मेंढ्यांनी फूल मरतंय म्हणून. मला वाटलं, पोर एवढी शिकलीय. ती कशाला चुकेल?”