उंबऱ्यावर झटकलेला पदर

१९७२च्या फेब्रुवारीत बालाघाटच्या मैदानात जवानाची आई म्हणून जिजाबाईचा सत्कार झाला. लढाई डिसेंबरातच जिंकून झाली होती, पण तिचा वसंता अजून पलटणीबरोबर ढाक्याकडंच अडकलेला. परत कधी येणार, ते कोणी सांगेना. रिकाम्या घरांवर पहारा आहे, एवढंच तो पत्रात लिहायचा. जिजाबाईला शाल नको होती, पोरगा हवा होता. जीप थेट लालबर्र्याजवळच्या तिच्या वस्तीत, टोलीत, न्यायला आली म्हणून ती गेली. मोठ्या लोकांच्या कानावर घालायची अशी सोय पुन्हा कुठून व्हायची?

पुढारी तासभर बोलले. इकडं दुकानात रॉकेल मिळत नव्हतं, पण त्यांनी पार समुद्रापर्यंतचा बंदोबस्त लावून टाकला. आता पूर्वेकडं आपल्याला विचारल्याशिवाय पान हलणार नाही, गरज पडली तर पलटणी तिथंच ठेवू, असं ते म्हणाले आणि टाळ्या कडाडल्या.

मग माईक तिच्यापुढं आला.

"आमच्या टोलीत कोनाच्या घराले आग लागली तं सारे धावतात," ती म्हणाली. "इझवली का उंबऱ्यावरच पदर झटकतात, धोतर झटकतात. त्या घरची काडीबी आपल्यासंग येऊ नये म्हनून. मंग आपापल्या घरी जातात. तिथंच बसून नाही राहात. आता आग इझली, साहेब. माह्या पोराले वापस पाठवा."

पुढाऱ्यांनी घाईघाईनं तिच्या खांद्यावर शाल टाकली. टोलीत मात्र महिनाभर दुसरा विषय नव्हता. जिजाबाईची मान ताठ झाली, आणि का होऊ नये?

मार्चात पलटणी परतल्या. वसंता आला, वाळलेला पण धडधाकट. जिजाबाई पोटभर रडली, मग तिनं त्याला भात वाढला. जेवून उठल्यावर त्यानं ट्रंक उघडली आणि तिच्या हातात काशाचा लोटा ठेवला. चांगला जड होता. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं त्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं, बंगाली अक्षरांत.

"इकत घेतला?" तिनं विचारलं.

"नाही, आई. पडून होता. त्या घरात कोनीच नव्हतं."

"कोनी नव्हतं म्हनूनच तं तुले पहाऱ्याले ठेवलं होतं ना रे."

वसंता खाली मान घालून ट्रंकेची कडी लावत बसला. जिजाबाईला राग आणायचा होता, पण आली ती लाज, भर मैदानात उभं राहिल्यासारखी. नाव कोरलं होतं, पण त्या घरच्या बाईचा पत्ता कुठं शोधायचा?

तिनं लोटा सत्काराच्या शालीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवला. पुढं टोलीत कोणी त्या भाषणाची आठवण काढली, की ती धानाचं बोलू लागे.