चौथ्या डावाला दोन यार्ड

आमच्या टीमचं नाव मी घेणार नाही. मनुबाईनं लग्नातला उखाणा सोडला तर आजवर माझं नाव घेतलेलं नाही आणि मी अजून धडधाकट आहे, तेव्हा या पद्धतीत काहीतरी दम असणार. एवढंच सांगतो की टीम अमेरिकेतली आहे, अमेरिकन फुटबॉल खेळते आणि आख्ख्या आष्ट्यात तिचा माणूस मी एकटा. गावातली पोरं विचारतात, सुभेदार, बॉल हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं? मी फौजेतून रिटायर झालोय. नावावरून प्रश्न विचारायची सवय तिथं लागत नाही.

खेळ मला सुनेनं शिकवला. भार्गवी, सांगलीची पोर, आमच्या शंभूराजची बायको. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवराबायको थंडीचे चार-सहा महिने अमेरिकेत त्यांच्याकडे राहिलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ. रविवारी शंभूराज झोपून राहायचा, मनुबाई स्वयंपाकघरात डबे लावत बसायची आणि मी खिडकीच्या काचेला नाक लावून उभा. असल्याच एका रविवारी भार्गवीनं जेवणाच्या टेबलावर अकरा शेंगदाणे इकडं, अकरा हरभरे तिकडं मांडले आणि मला हाक मारली, "बाबा, इकडे या."

चार डाव मिळतात, चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, ती सांगत होती. सरकलं की पुन्हा चार डाव. नाही सरकलं तर बॉल समोरच्याचा. मी थोडा वेळ ऐकलं आणि म्हटलं, हा तर बांध कोरायचा खेळ. शेजारी दरसाल नांगराचा एक फेरा आपल्या रानात सरकवणार आणि आपण त्याला आडवं पडून अडवणार. ती इतकी हसली की शंभूराज डोळे चोळत बाहेर आला. मग मैदानात दोन माणसं साखळी घेऊन आली आणि चक्क जमीन मोजायला लागली, तेव्हा तर मी उठून उभाच राहिलो. मला ती मोजणी खात्याची माणसं वाटली. मोजणी मान्य नसेल तर हरकत घेता येते का, असंही मी विचारलं. येते म्हणाली, कोचनं लाल रुमाल टाकायचा. त्या दिवसापासून मी या खेळाचा झालो. यंदापासून मापाचं काम कॅमेऱ्यावर गेलंय. मला ते पटलेलं नाही.

निघताना तिनं मला टीमची लोकरी टोपी दिली, वर गोंडा असलेली. ती घालून मी आष्ट्याच्या बाजारात गेलो की लोक बघून हसायचे. हसू देत. प्रत्येक सामन्यानंतर भार्गवीचा मेसेज यायचा, "बाबा, बघितलंत?" आणि मग आमचा तासभर काथ्याकूट चालायचा. शंभूराजला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात दोघांचा घटस्फोट झाला. चूक कुणाची हे दोघांनीही सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. शंभूराज फोनवर एवढंच म्हणाला की तिला आता फोन करू नका, तिला अवघड होईल. मनुबाई म्हणाली, आता आपला काय हक्क? आणि आत जाऊन नुसतीच बसून राहिली.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिला सामना आम्ही जिंकलो. मी फोन समोर ठेवून बसलो. काही आलं नाही. दुसरा जिंकलो, तिसरा हरलो, फोन गप्पच. मुलाचा संसार मोडला म्हणून लोक घरी येऊन हळहळून गेले. पण माझी पोर गेली, हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. सासऱ्यानं सुनेसाठी झुरायचं म्हणजे लोकांना ते कशात बसवायचं तेच कळत नाही. मला तर दिवसभर तिची आठवण यायची. उसाला पाणी पाजताना यायची, चहा पिताना यायची. "बाबा, बघितलंत?" एवढे दोनच शब्द कानावर पडावेत म्हणून जीव तुटायचा. कितीदा मेसेज लिहिला आणि पुसला. कोण म्हणून पाठवायचा? ते एकदा ठरलं असतं तर हात थांबला नसता.

गळीत सुरू झालं, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर धावायला लागले आणि आमची टीम लागोपाठ जिंकत प्लेऑफमध्ये गेली. तिथं हरलं की थेट घरी, दुसरी संधी नाही. मी मनाशी ठरवलं, टीम फायनलला गेली की भार्गवीला फोन करायचा. आनंदाच्या भरात केलेल्या फोनला कुणी नावं ठेवत नाही. "अभिनंदन पोरी" म्हणायचं आणि ठेवायचा. मनुबाईला यातलं काही बोललो नव्हतो. पहिली मॅच जिंकलो. दुसरी जिंकलो, तीही अगदी शेवटच्या किकवर, तेव्हा मी एवढ्या जोरानं मांडी थोपटली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

तिसरी मॅच सोमवारी पहाटे होती. ही जिंकली की फायनल. मी टोपी घालून, घोंगडं पांघरून टीव्हीसमोर बसलो. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, तरी मॅच सुटेना. शेवटचं मिनिट. आम्ही तीन गुणांनी मागं. चौथा डाव, दोन यार्ड हवेत. लाथ मारून बॉल खांबांमधून घातला असता तर तीन गुण मिळून बरोबरी झाली असती. कोचनं पळायचं ठरवलं. आमचा गडी घुसला, त्याच्यावर पाच-सहा जण पडले. पडद्यावर कॅमेऱ्याची रेघ आली. वीतभर कमी पडलं.

मी टीव्ही बंद केला, टोपी काढून खुंटीला अडकवली. मनुबाई चहा घेऊन दारात उभी होती.

"मग? करताय न्हवं फोन?"

कसला फोन, म्हणून मी उडवून लावायला बघितलं. पण तिनं माझं सगळं ओळखलेलं होतं. जिंकलं तर करणार होतो, हरल्यावर कुठल्या तोंडानं करू, असं मी म्हणालो. तिनं चहा खाली ठेवला.

"आवं, लगनाला बोलावणं लागतं. मयताच्या घरी जायला कुणी बोलावण्याची वाट बघतं व्हय?"

मी चहा बाजूला सरकवला. मग फोन घेतला. तिकडं रात्र झाली होती, पण भार्गवीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो, काका?"

काका. बरोबरच होतं तिचं, दुसरं काय म्हणणार? मॅच बघितली का, असं कसंबसं विचारलं. बघितली म्हणाली. आवाज रडून बसलेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की कोचचं काही चुकलं नाही, दोन यार्डांसाठी माघार कसली घ्यायची, मर्दानं घुसायचंच असतं.

"नाही हो बाबा!" ती एकदम उसळली. "लाथ मारायची, तीन गुण घ्यायचे, बरोबरी करायची. पुढचं पुढे बघता आलं असतं. दोन यार्डांच्या हट्टापायी सगळा हंगाम घालवला!"

आणि थांबली. माझ्या कानात तो एकच शब्द घुमत होता. ती हळूच म्हणाली, "सॉरी. चुकून तोंडातून गेलं, काका."

फौजेत मी अधिकाऱ्यांना कधी उलट बोललो नाही, पण त्या वेळी मागचा-पुढचा विचार केला नाही.

"पोरी, कोर्टात तुमी दोघं गेलता. मी न्हवतो गेलो."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मनुबाई पदर तोंडाशी धरून माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती.

"टोपी आहे ना अजून?" भार्गवीनं विचारलं.

मी खुंटीकडं हात केला. मनुबाईनं टोपी काढून माझ्या हातात दिली.

"डोक्यावरच हाय," मी म्हणालो आणि ती घातली.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "फायनल आपली नाही. पण बघूया का, बाबा?"