भाऊबीजेची जाड नळी

“रोज त्या चढाला मी खाली उतरायचं. मग गाडी काय डब्यांना हवा खायला घेतली व्हय?”

विजयमालाबाई ओट्यावर बसून, पोटऱ्या चोळत, स्वतःशीच पुटपुटल्या. मी त्यांच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली, म्हणून मला ऐकू आलं. त्यांचे यजमान बाबासो आत होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण ते लगेच म्हणाले की हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतंय.

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. मोटारसायकलच्या इंजिनातला गरम धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी, कोपरासारखी वाकलेली. मी बारीक आहे, पण उपाशी राहून नव्हे. कारखान्यात कुणीतरी डोकं लावून माझं माप ठरवलं होतं. इंजिन धूर हिसक्या-हिसक्याने सोडतं. माझ्यासारख्या बेताच्या नळीतून तो जोरात पळतो आणि पळता पळता मागे उरलेला धूरही ओढून नेतो. इंजिनाचं पोट नीट रिकामं झालं की हवा-पेट्रोलचा ताजा घास पोटभर जातो. ताकद तिथून येते. खाडीचं पाणी पाहिलंय ना? अरुंद खाचेतून धावतं, मिठागरात पसरलं की निजतं. धुराचंही तसंच.

बाबासो बाजारात माथाडी. ते पाळी उरकून घरी आले की दोघं नवरा-बायको कोपरखैरण्याहून महाप्याच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायचे. शेवटचा रस्ता टेकडीकडे चढतो. वेग कमी, ओझं जास्त. माझं खरं काम तिथेच. कौतुक मात्र कधी झालं नाही. लोक टाकी पुसतात, आरसा पुसतात, नळी कोण पुसतो? पायाला चटका बसला की माझी आठवण. चालायचंच.

मग भाऊबीज आली. बाईंचा धाकटा भाऊ सुधीर, त्याने तुर्भ्याला नुकतंच गॅरेज टाकलेलं. बहिणीने ओवाळल्यावर त्याने ताटात साडी नाही ठेवली. ठेवली स्वतःच्या हाताने वाकवलेली, चकचकीत, मनगटाएवढी जाड नळी. निरांजन विझता विझता वाचलं. त्याचा हिशेब सरळ होता: धुराला वाट मोठी, तर ताकद मोठी. सुसाट पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीला ते लागूही पडतं, तिथे धूरच ढीगभर निघतो. पण ही सावकाश चढणारी डब्यांची गाडी. जाड नळीत धूर रेंगाळू लागला, चढाला गाडीचा दम तुटू लागला. आवाज तेवढा वाघाचा झाला. मी खिळ्यावर आले.

आता ओवाळणीला नाव कसं ठेवायचं? भावाने ताटात जे घातलं ते बहिणीने डोळ्यांना लावायचं, एवढंच बाईंना ठाऊक. बाबासो बोलले असते तर जावयाने सासरच्या वस्तूत खोट काढली असं झालं असतं. म्हणून दोघांनी पेट्रोलला दोष दिला, मग क्लचला. एकदा बाबासोंनी बाईंच्या वजनाचं नाव काढलं. त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच पडलं.

तिकडे जेवणाची सुट्टी संपत आली की डबे पोचायचे. कारखान्यातली माणसं कंटाळली. सोमवारपासून वेळेवर आले नाहीत तर डबे दुसरीकडून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी एका स्टोव्हवर उभं केलेलं काम जाणार होतं. तरीही दोघं गप्प.

रविवारी सुधीर आला. गाडी कशी चाललीय, त्याने विचारलं. दाजी म्हणाले, आवाज झकास आहे. खोटं नव्हतं ते. सुधीर फुलून गेला. येईल त्या दूधवाल्याला, मासळीच्या पाट्या नेणाऱ्याला तो याच गाडीचं नाव सांगत होता. त्या सगळ्यांना अशाच नळ्या बसवायच्या होत्या, उद्यापासून.

मित्रांनो, काही जुनं काढून टाकण्याआधी ते तसं का होतं, एवढं जरूर विचारा. आणि मायेने दिलेली वस्तू चुकली असेल, तर मायेनेच सांगा, पण सांगा. आम्हा वस्तूंना तोंड नसतं.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि भावाच्या काळ्या पडलेल्या बोटांवर हात ठेवला.

“सुधीर, त्या माणसांना ही नळी देऊ नको बाळा. जाड झालीय. ती बसवल्यापासून चढाला मी रोज उतरून चालते.”