कपाळावरची नोट

"एकच गाणं, मेट. कोणी नाचायला उठलं नाही तर डीजे लावणार," केने माझ्या नवऱ्याला म्हणाला आणि हाताची घडी घालून स्टेजखाली उभा राहिला. त्यांच्यात मेलेल्याला नाचूनच निरोप देतात, ठाऊक होतं; पण डीजे, स्वतःच्या बापाच्या शोकसभेत! माझं डोकंच फिरलं.

त्याचे वडील, ओबिओरा अंकल, एके काळी नायजेरियात हायलाइफ वाजवायचे. इग्बो लोकांचं गिटारवरचं नाचाचं संगीत ते. चार रेकॉर्डी निघाल्या, मग लोक नाव विसरले. सिडनीत ते बस डेपोत साफसफाई करत. माझा नवरा फॅबियन तिथलाच ड्रायव्हर, वसईत लग्नांमध्ये गिटार वाजवून आलेला. ब्रेकमध्ये त्याला शिकवता शिकवता अंकलनी एक नवं गाणं बांधलं. ते कुठेच रेकॉर्ड झालं नाही. आता ते फक्त फॅबियनलाच येत होतं. आज लोकांनी झिडकारलं तर पुन्हा कोण ऐकणार?

सिडनीतल्या क्वेकर्स हिलचा तो हॉल गच्च भरला होता. फॅबियनने सुरुवात केली. कोणी जागचं हलेना. "हा इंडियन आमचं काय वाजवणार?" मागून एकजण मुद्दाम मोठ्याने इंग्लिशमध्ये बोलला. फॅबियन घामाने निथळत होता.

तेवढ्यात अंकलची बायको, न्गोझी आंटी, उठल्या. सरळ स्टेजवर गेल्या, पर्समधून नोट काढली आणि फॅबियनच्या ओल्या कपाळावर थापली.

मी ताडकन उठले. अरे, हा काय तमाशाचा फड आहे, दौलतजादा करायला? "आंटी, व्हॉट इज धिस?"

"ऑड्री, बस खाली!" फॅबियन वाजवता वाजवताच ओरडला. "मान देतायत गं त्या!"

बसले मुकाट्याने. लाजेने कान तापले. आंटी मात्र तिथेच नाचू लागल्या. मग एक बाई उठली, तिच्यामागून दुसरी. तो मागचा शहाणाही आला. कोणी नोटा चिकटवत होतं, कोणी उडवत होतं, आणि स्टेजभर नोटा पडत होत्या.

केने तसाच उभा. वाटलं, मेला आता डीजेला खूण करतो. पण स्टेजवर चढून त्याने कोट काढून खाली पसरला, गुडघ्यांवर बसला आणि लोकांच्या पायांमधून एकेक नोट उचलून कोटात ठेवू लागला. मी वर जाऊन मदतीला वाकले तर माझा हात बाजूला केला.

"डॅड वाजवायचे तेव्हा हे माझं काम असायचं," तो म्हणाला. "आय हेटेड इट."

गाणं संपलं. केने मान वर न करताच म्हणाला, "अगेन."

फॅबियनने बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.