अलिगोतेची बाटली

तेजल पगारे वायनरीत नोकरीला लागली तेव्हा तिच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता.

"तोंडात घ्यावी लागती का?"

"घेते आणि थुंकते, बाबा. पीत नाही."

"तोंडात जातीच ना मग."

जयराम पगारे मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. घरात रोज वंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं. दारूचा थेंब कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. त्या दिवसानंतर त्यांनी लेकीच्या कामाचा विषयच काढला नाही.

तेजल मात्र त्या कामात रमली. गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या त्या वायनरीत शनिवारी दुपारी पाहुण्यांना तिथल्या आणि बाहेरून मागवलेल्या वेगवेगळ्या वाइन चाखवायचं काम तिच्याकडे होतं. तिचा जीव जडला तो फ्रान्सच्या अशा पांढऱ्या वाइनवर, ज्यांना कुणी विचारत नसे. पाहुणे नावाजलेल्या शाब्लीचं नाव काढायचे आणि ती त्यांच्यापुढे समुद्राकाठची खारट मस्कादे ठेवायची. बर्गंडी प्रांतात शार्डोने या बड्या द्राक्षाच्या सावलीत राहिलेली अलिगोते तर तिची लाडकी. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करणारा माणूस दुसऱ्या घोटाला थबकला, की तिला आपलंच कुणी पास झाल्यासारखं वाटायचं.

मग गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. फोडणीचा येईना, साबणाचा येईना, वाइनचाही येईना. डॉक्टर म्हणाले, थांबा, येईल. ती थांबली आणि कुणाला बोलली नाही. फक्त तिच्या जोडीला काम करणाऱ्या राखीला सांगितलं. प्रत्येक बाटली उघडली की राखी आधी हुंगायची आणि चांगली असली की हळूच मान हलवायची. मग तेजल आठवणीतून बोलायची. पूर्वीपेक्षाही छान बोलते, असं लोक म्हणायचे.

त्या शनिवारी राखी घरच्या नवसासाठी वणीला गेली होती. तेजलने अलिगोते उघडली, ग्लासांत ओतली, स्वतः घोट घेतला. जिभेला आंबटपणा लागला. बाकी पाणीच.

"हिरवं सफरचंद," ती म्हणाली, "लिंबाची साल, आणि मागून पावसात भिजलेल्या दगडाचा वास. येतोय?"

एका गृहस्थांनी, "हो, सफरचंद आहे," म्हणून मान डोलावली. कोपऱ्यातल्या एक बाई चाचरत म्हणाल्या, "मला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय."

बूच खराब निघालं की येणारा वास तो. नवशिक्यालाही कळतो.

"कधीकधी असतो तसा," तिने रेटून नेलं.

"मग माझंच नाक वाईट असेल," त्या ओशाळून हसल्या आणि त्यांनी ग्लास बाजूला सरकवला.

पुढच्या बाटलीकडे नेलेला हात तेजलने मागे घेतला. घाबरत घाबरत खरं बोलणाऱ्या माणसाला आज तिने खोटं पाडलं होतं.

"ताई, तुमचं नाक बरोबर आहे," ती म्हणाली. "बाटली खराब आहे. मला कळलं नाही, कारण मला वास येत नाही. कितीतरी महिने झाले."

तिने अलिगोतेची दुसरी बाटली उघडली, सगळ्यांना ओतली. "आता तुम्ही मला सांगा."

एकजण कैरी म्हणाला. कुणाला बडीशेप आठवली. त्या बाई डोळे मिटून म्हणाल्या, "नुकत्याच धुतलेल्या ओट्याचा." तेजल ऐकत राहिली. इतकी वर्षं ही वाइन चाखून तिला ओटा कधी सुचला नव्हता, आणि आता तो खरा की खोटा हे तिला कधीच कळणार नव्हतं.

संध्याकाळी तिने मॅनेजरला सगळं सांगितलं. खंडेराव भला माणूस. "ऑफिसात बसा, पगार तोच राहील," म्हणाला. तिने नको म्हटलं. त्या ग्लासांच्या आसपास राहून नुसतं बघत बसणं तिला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती मनमाडला गेली. आई, लताबाई, स्वयंपाकघरात होती. बाबा ओसरीवर.

"सोडलं काम," ती म्हणाली. वास गेल्याचंही सांगितलं. बाबांना बरं वाटेल, अशी तिची अटकळ होती. पण त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"डॉक्टर काय म्हनतो?"

"येईल म्हणतात. आला तर आला."

ती रडायला लागली. जयरामबाबांना लेकीला जवळ घ्यायची सवय नव्हती. ते बाकावर सरकले, तिला जागा केली.

"कसा यायचा गं, त्या तुझ्या वाइनचा वास?" त्यांनी विचारलं. "सांग की मला."

तिने डोळे पुसले. "हिरवं सफरचंद, बाबा. लिंबाची साल. आणि..."

ती थांबली. शब्द सगळे पाठ होते. पण सफरचंद म्हटल्यावर नाकात जे जागं व्हायचं, ते आता आठवणीतही होईना.

"सांग ना," बाबा म्हणाले.

"नाही आठवत," ती म्हणाली.