पॉइंट अठरा

मी एक जुना रोधमापक आहे. मुठीत मावेल एवढी काळी डबी, वर आटे पाडलेलं पितळी भोक आणि पुढे आकडा दाखवणारी छोटी काच, एवढंच माझं शरीर. मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर बरंच आहे. माझी हकीकत मात्र ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने डाख देऊन माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. मग जिचा रोध आधीच ठाऊक होता अशी एक तार माझ्यावर लावून तिने माझी परीक्षा घेतली. आकडा बरोबर आला. तेव्हापासून आजवर मी चुकीचा आकडा दाखवलेला नाही. याचा अभिमान धरावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथून मी फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहरात आलो. तिथे मानोंग, म्हणजे दादा, दिओनिंग यांचं वाफ ओढायच्या यंत्रांचं, म्हणजे व्हेपचं, दुकान होतं. शेजारी कोंबडी भाजणाऱ्याची शेगडी दिवसभर पेटलेली असायची. तिचा धूर आमच्या दुकानात आणि आमची गोड वाफ त्याच्या गिऱ्हाइकांच्या ताटात, अशी देवाणघेवाण चालायची. दुकानातल्या मागच्या टेबलावर ग्लोरिविक बसायची. मी तिच्या उजव्या हाताशी असायचो.

ग्लोरिविक तारांची वेटोळी वळायची. दोन-तीन जाड तारा शेजारी शेजारी धरून त्यांवर केसासारखी बारीक तार गुंडाळायची, मग तो पदर एका सळईभोवती फिरवून वेटोळं करायची. ते वेटोळं धातूच्या एका छोट्या वाटीत स्क्रूने घट्ट बसवायचं, त्यातून कापूस ओवायचा. त्या वाटीला दुकानात सगळे 'डोकं' म्हणत. कापसावर गोड रस, खालून बॅटरीचा करंट, तार तापली की वाफ. डोकं तयार झालं की ती ते माझ्या भोकात फिरवून बसवायची आणि तार करंटला किती अडवते ते मी सांगायचो.

पोरं तिच्याभोवती घोळका करून असत. त्यांतला बोनिंग सगळ्यांत उतावळा. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला 'नांग' म्हणायचा.

"नांग ग्लोरी, मला रोध एकदम खाली नेऊन दे. पॉइंट दहा ओहम."

"पॉइंट दहा? बॅटरीला विचारलंस का? तिचा जीव केवढा, तू मागतोस केवढं."

"वाफेचा ढग मोठा यायला हवा ना."

"येईल की. त्यात तू दिसणार नाहीस, एवढंच. आणि तसंही तुला कोण बघतंय."

पोरं हसत. मग ती समजावून सांगायची. "रोध कमी केला म्हणजे काम झालं असं नाही रे. रोध कमी, तर करंट जास्त, आणि तो सगळा बॅटरीच्या पोटातून निघतो. वर तू जाड तार मागतोस. जाड तार तापायला ताकदही जास्त लागते. ताकद कमी पडली तर वेटोळं कोमट राहतं, जास्त झाली तर कापूस करपतो. भाताखाली जाळ किती ठेवायचा, तसं आहे हे."

शेवटी ती डोकं उलटं करायची आणि त्याच्या बुडावरून अंगठ्याचं नख फिरवायची. बुडाच्या मधोमध एक पिन असते. नखाला ती अडली, तर ती बाहेर आलेली आहे. नख सरळ निघून गेलं, तर पिन सपाट आहे. सपाट असली की ग्लोरिविक हमखास विचारायची, "कशावर लावणार? पेटीवर की नळीवर?"

हा प्रश्न मोलाचा होता. डोकं ज्यावर लावून वाफ ओढायची, ती बॅटरीची यंत्रं या दोन प्रकारची असतात. पेटीत अक्कल असते. काही बिघडलं की ती करंट तोडते. तांब्याच्या नळीत तसलं काही नसतं. तिच्यात डोकं थेट बॅटरीवर टेकतं. पिन सपाट असेल, तर डोक्याची कडही बॅटरीला टेकते. मग करंट वेटोळ्यातून जातच नाही, तो आडवाटेने सुसाट धावतो आणि बॅटरी नळीतच फुटते. ही गोष्ट मला दाखवता येत नाही. माझ्या काचेवर फक्त रोधाचा आकडा उमटतो.

जोमार मोटारसायकली दुरुस्त करायचा. उसाचा हंगाम संपला की त्याचं आणि ग्लोरिविकचं लग्न व्हायचं होतं. तो तिला 'लांगा' म्हणायचा, म्हणजे लाडके. त्याच्याकडे पेटी होती आणि त्याच्या डोक्याची पिन सपाट होती. हे तिला माहीत होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं.

गावजत्रेला बास्केटबॉलच्या मैदानावर तोंडातून वाफेचे मोठे ढग सोडायची स्पर्धा होती. मागे मोजपट्टी रंगवलेला फळा, पुढे पोरांची रांग. त्या सकाळी जोमार टेबलाशी अडून बसला.

"पॉइंट पंचवीसच्या खाली मी जात नाही," ग्लोरिविक म्हणाली.

"पॉइंट पंचवीसने गेल्या वर्षी मी तिसरा आलो. तिसऱ्याचं नाव कुणाला आठवतं?"

"मला आठवतं."

"तू माझ्याशी लग्न करतेयस, तुझी गोष्ट वेगळी."

ती हसली, आणि तिने एक फेरा कमी वळला. तळहातावर बोटाने हिशेब केला. भरलेल्या बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भागिले रोध. बॅटरी जेवढा करंट सुखाने देऊ शकते, त्याच्या जरासा आतच उत्तर आलं. "काठावर आहे," ती म्हणाली, "पण काठाच्या आत." तिने डोकं माझ्यावर बसवलं. मी दाखवलं, पॉइंट अठरा. आकडा जराही हलला नाही. स्क्रू घट्ट होते, काम चोख होतं.

डोकं माझ्यावरच ठेवून ती शेजारी भात आणि भाजलेली कोंबडी आणायला गेली. जोमार उपाशीपोटी जाऊ नये म्हणून. तेवढ्यात बाहेर मोटारसायकलींचे हॉर्न वाजले, मित्रांनी हाका मारल्या. जोमारने डोकं माझ्यावरून सोडवलं, खिशात टाकलं आणि तो निघाला. ती ताट घेऊन आली तेव्हा मी रिकामा होतो.

"नख फिरवायचं आणि कशावर लावणार ते विचारायचं राहिलं," ती मानोंगना म्हणाली.

"त्याची तर पेटी आहे. पेटीला काय होतंय?" मानोंग म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

पुढचं मी पाहिलं नाही, दुकानात बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. मैदानावर जोमारच्या पेटीचं चार्जिंग संपलेलं निघालं. बोनिंगने आपली नळी पुढे केली. जोमारने डोकं तिच्यावर बसवलं, ओठांशी नेलं आणि बटण दाबलं. नळी बंदुकीसारखी उडाली. त्याचा डावा डोळा गेला, पुढचे दात गेले, जबडा दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच बोलणं होतं. एवढा कमी रोध ठेवल्यावर फुटणारच. त्या पोरीनेच तार वळली होती. जोमारची आई, नानाय पासिंग, इस्पितळाच्या दारात तिला म्हणाली, "माझ्या मुलाला तू हाताने विस्तव भरवलास." लग्न मोडलं, हे कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

सपाट पिन नळीवर लागली म्हणूनच घात झाला, असा ग्लोरिविकला पहिल्यापासून संशय होता. पण खात्री कशी करणार? कदाचित वेटोळ्याचा पाय सुटून कडेला टेकला असेल. कदाचित हिशेबात तिचंच चुकलं असेल. डोकं तर मैदानात कुठे उडालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ती टेबलाशी बसायची, तार हातात घ्यायची आणि न वळताच खाली ठेवायची. गिऱ्हाईक आलं तर मानोंगच तिची नजर चुकवून त्याला परत पाठवायचे. माझ्यावर धूळ बसू लागली.

मग एके दिवशी बोनिंग आला. पोरांना खेळताना गटाराच्या जाळीत डोकं सापडलं होतं. त्याने ते पिशवीतून काढून उंबरठ्यावर ठेवलं. "नांग, मी आत येत नाही," एवढं म्हणून तो गेला.

ग्लोरिविकने चिखल पुसला. बाहेरून डोकं काळं पडलं होतं, आतलं वेटोळं मात्र जसंच्या तसं होतं. कापूसही जळालेला नव्हता, म्हणजे करंट तारेतून गेलाच नव्हता. तिने ते माझ्यावर बसवलं. पॉइंट अठरा. मग तिने ते उलटं केलं आणि बुडावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. नंतर तिने आम्हा दोघांना रुमालात गुंडाळलं आणि जोमारचं घर गाठलं.

"आलीस परत," नानाय दारातूनच म्हणाली.

"नानाय, एकच गोष्ट दाखवायची आहे."

"दाखव की. त्याला एकच डोळा उरलाय, बघ पुरतो का."

जोमार खिडकीपाशी होता. पुढ्यात रस्सा होता आणि त्यात प्यायची नळी. ग्लोरिविकने मला टेबलावर ठेवलं, डोकं बसवलं. मी आकडा दाखवला.

"मला तुमच्या आकड्यांतलं काही कळत नाही," नानाय म्हणाली.

"तुम्हाला नाही कळणार. त्याला कळतं." मग तिने डोकं सोडवून उलटं केलं आणि जोमारच्या हातात दिलं. "नख फिरव."

त्याने फिरवलं. एकदा, आणि मग पुन्हा हळूहळू. मी त्याच्या समोरच होतो. त्याचा चेहरा अर्धा पट्टीखाली होता, पण उरलेल्या अर्ध्यावर मला स्पष्ट दिसलं की त्याला कळलं आहे.

"मी लग्नाचं बोलायला आले नाही," ग्लोरिविक म्हणाली. "तुझी काळजी घ्यायलाही नाही. फक्त एवढं नानायसमोर बोल. तार बरोबर होती. तू न विचारता उचललंस आणि नळीवर लावलंस. एकदाच बोल, मी जाते."

नानायने मुलाकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

जोमारने हातातलं ते धातूचं डोकं टेबलावर ठेवलं. त्याच्या मोडक्या जबड्यातून शब्द सावकाश आले. "आई, ऊन लागतंय. खिडकी लाव."

नानायने खिडकी लावली. ग्लोरिविकने रुमालाची घडी घातली, मला आणि डोक्याला तिथेच ठेवलं आणि ती निघून गेली. पुढे ती हाँगकाँगला गेली असं ऐकलं. तिथे ती लोकांची मुलं सांभाळते.

मी आता जोमारच्या टेबलाच्या खणात असतो. दुपारी नानाय बाजारात गेली की तो खण उघडतो. मला बाहेर काढतो, डोकं माझ्यावर बसवतो आणि एका डोळ्याने माझ्या काचेकडे पाहतो. मी सांगतो, पॉइंट अठरा. तो डोकं सोडवतो, पुन्हा बसवतो. जणू या वेळी तरी दुसरा आकडा येईल. माझ्याकडे दुसरा आकडा नाही. बाहेर नानायचा आवाज येतो. ती शेजारणीला सांगत असते की त्या पोरीच्या तारेने घात केला. जोमार ऐकतो आणि खण लावून घेतो.

मित्रांनो, माझी काच आता फिकी पडत चालली आहे. माझ्यातली बॅटरी फार दिवस टिकणार नाही. मी यंत्र आहे. कुणी विचारलं तरच मला उत्तर देता येतं, आणि जो विचारतो त्यालाच ते दिसतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकू जाईल असं मला बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. ज्याचा दोष नाही अशा कुणाच्या माथी तो बसलेला असेल, आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर ते खणात ठेवू नका. तो माणूस दारात उभा असेपर्यंत बोला.