काठावरचा हात

प्रतिमाच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता, आणि चारुदत्तांच्या घरात फोटोंना काही तोटा नव्हता. रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यापासून लखनौच्या आसपासचं एक तळं, एक झाड त्यांनी सोडलं नव्हतं. नव्हती ती फक्त प्रतिमा.

"बाबा, मम्मी का एक भी ढंग का फोटो नहीं?" बंगळुरूहून सावनीने, लेकीने, विचारलं. "आधारकार्डावरचा नको हं. उसमें वो मम्मी लगती ही नहीं."

"शोधतो," ते म्हणाले.

शोधायचं कुठे? प्रत्येक भटकंतीला ती बरोबर असायची, आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "जरा बाजूला हो." डावीकडे काळोखं झाड, मधे वळणारं पाणी, पलीकडे धुरकट घुमट. माणूस नको. कॉलेजात कलेचा इतिहास शिकवणारी प्रतिमा हसायची. "ही तुमची नजर नाही हो. दोनशे वर्षांपूर्वी गोरे चित्रकार नावेतून आले, त्यांनी आपला मुलूख असा मांडून ठेवला. पण त्यांनी निदान एखादा गुराखी तरी राहू दिला. तुम्ही बायकोलाही हाकलता."

एवढं बोलून बाजूला व्हायची.

मलिहाबादच्या तळ्याचा फोटो त्यांचा सर्वांत लाडका. त्याची मूळ, न कापलेली फाइल त्यांनी उघडली. आंब्याच्याही डावीकडे, त्यांनी छाटून टाकलेल्या पट्टीत, एक हात होता. मनगटात हिरव्या बांगड्या, मुठीत त्यांच्याच कॅमेऱ्याची पिशवी. दुपार कलली, चहा निवला, साय धरली. ते तिथेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी हजरतगंजच्या दुकानात प्रिंट काढायला गेले. दुकानदाराने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"सर, किनारे पे किसी का हाथ आ गया है. काट दूँ? सीनरी साफ हो जाएगी."

"हाथ रहने दीजिए, भैया. काटना है तो तालाब काट दीजिए."

"फिर बचेगा क्या, सर?"

थोडं गवत उरलं, आंब्याचं बूड उरलं, आणि पिशवी धरून थांबलेला हात. हार घालायला एवढं पुरलं. सावनीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

"पिशवी जड होती का, बाबा?" तिने मराठीत विचारलं.

"असेल," ते म्हणाले. "कधी विचारलं नाही."